नागीण आणि आटणारा थायमस

नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं की माणूस वाचत नाही, असं आपल्याकडे खेड्यातच नव्हे, शहरातल्या चाळींतही अजून सांगितलं जातं. कमरेच्या किंवा बरगड्यांच्या एका बाजूला आधी दोन-तीन दिवस नुसती आग होते, सदरा टेकला तरी सोसत नाही. मग लाल झालेल्या कातडीवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा उठतो आणि पाठीकडून पोटाकडे वळत जातो. घरातलं कुणीतरी वेढा पुरा होतोय का यावर डोळा ठेवून असतं. कुणी मंत्र टाकणाऱ्याकडे नेतं, कुणी पाल्याचा लेप आणतं.

वेढा पुरा होत नाही. मणक्यांमधून मज्जातंतू जोडीजोडीने बाहेर पडतात. डावा डाव्या अंगाला जातो, उजवा उजव्या. नागिणीचा विषाणू यांपैकी एका मुळातून बाहेर येतो आणि त्या तंतूची हद्द संपते तिथे, म्हणजे शरीराच्या मध्यरेषेवर, थांबतो. मंत्रवाल्याचा धंदा यावरच चालतो. तो काहीही पुटपुटला तरी पट्टा थांबणारच असतो आणि दोन ते चार आठवड्यांत फोड वाळणारच असतात. मात्र विषाणूरोधक गोळ्यांचा खरा उपयोग पहिल्या ७२ तासांत होतो, आणि ते तास या धावपळीत निघून जातात. डोळ्याजवळ नागीण उठली असेल तर ही दिरंगाई नजरेवर बेतू शकते.

हा विषाणू बाहेरून आलेला नसतो. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, खपल्या पडल्या, आंघोळ घातली आणि सगळे विसरले. विषाणू मात्र मणक्यालगतच्या मज्जागंडांत जाऊन बसला. पन्नास-साठ वर्षं तिथेच होता. हे आज पाठ्यपुस्तकात असलं तरी ते पटवून देण्याचं बरंचसं श्रेय एडगर होप-सिम्प्सन या इंग्लंडमधल्या साध्या जनरल प्रॅक्टिशनरला जातं. सायरन्सेस्टर या गावात त्यांचा दवाखाना होता आणि त्यांच्या यादीवर साडेतीन हजारांच्या आसपास माणसं होती. १९४७ पासून सोळा वर्षं त्यांनी नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली आणि १९६५ साली निष्कर्ष छापले. दहा वर्षांखालच्या मुलांत वर्षाला हजारी एकही रुग्ण भरत नव्हता, ऐंशी उलटलेल्यांत हजारी दहा होते. त्यांचा हिशोब असा होता की पंच्याऐंशीपर्यंत जगलेल्या माणसांपैकी निम्म्यांना एकदा तरी नागीण होऊन गेलेली असणार. मोठ्या प्रयोगशाळांना जे नीट जमलं नव्हतं ते एका वहीने आणि चिकाटीने करून दाखवलं, म्हणून मला हा डॉक्टर फार आवडतो.

विषाणू तोच आणि माणूसही तोच, मग साठीनंतर पहारा ढिला का पडतो? पहिला संशय रक्तातल्या प्रतिपिंडांवर जातो, पण तो चुकीचा आहे. कांजिण्यांविरुद्धची प्रतिपिंडं ऐंशीच्या माणसातही बऱ्यापैकी शाबूत असतात. उलट ज्या मुलांना जन्मतःच प्रतिपिंडं बनवता येत नाहीत, त्यांना नागीण काही विशेष छळत नाही. छळते ती एचआयव्हीबाधितांना, रक्ताचा कर्करोग झालेल्यांना, मूत्रपिंड बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: त्यांच्या टी पेशी कमी किंवा दुबळ्या झालेल्या असतात. नागीण म्हणजे टी पेशींच्या वार्धक्याचा कातडीवर उमटलेला अहवालच.

टी पेशी या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. त्या अस्थिमज्जेत जन्मतात, पण तयार होतात छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असलेल्या थायमस ग्रंथीत. ‘टी’ हे थायमसचंच आद्याक्षर. या ग्रंथीच्या वाट्याला वैद्यकाच्या इतिहासात जितके गैरसमज आले तितके दुसऱ्या कुठल्या अवयवाच्या वाट्याला आले असतील असं वाटत नाही. त्यांतला एक तर जीवघेणा ठरला.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांकडे विच्छेदनाला येणारी प्रेतं बहुतेक गरिबांची असत. ती माणसं उपासमारीने आणि लांबलेल्या दुखण्यांनी खंगून गेलेली असत. थायमसचा स्वभाव असा की आजारपण आलं, पोटात अन्न नसलं, की तो काही दिवसांत आक्रसतो. त्यामुळे डॉक्टरांच्या डोळ्यांत बसलेला ‘नेहमीचा’ थायमस मुळात आजारी माणसाचा होता. मग एखादं धडधाकट बाळ झोपेतच अचानक दगावलं आणि शवविच्छेदनात त्याचा टपोरा थायमस दिसला, की डॉक्टर म्हणत, हाच तो. यानेच श्वासनलिका दाबली. व्हिएन्नाच्या पाल्टाउफने १८८९ साली, मोठा थायमस हेच दुखण्याचं लक्षण, या कल्पनेला शास्त्रीय नाव दिलं. १९०७ पासून अमेरिकेत बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडून थायमस ‘बारीक’ करण्याचा उपचार सुरू झाला. हजारो निरोगी मुलांना तो मिळाला. थायमस बारीक व्हायचा, आईबाप निश्चिंत व्हायचे. क्ष-किरण शेजारच्या थायरॉइडवरही पडत होते. त्या मुलांना पुढे थायरॉइडचा कर्करोग होतोय, हे १९५० च्या सुमारास उघड होऊ लागलं. ज्या अवयवात काही बिघाडच नव्हता त्याच्यावर ही सगळी इलाजाची खटपट चालली होती.

थायमस करतो काय, हे १९६१ पर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. मोठ्या उंदरांचा थायमस काढून पाहिला होता. उंदीर मजेत राहायचे. म्हणून तो अपेंडिक्ससारखा निकामी अवशेष मानला जाई. लंडनमध्ये काम करणारे जाक मिलर उंदरांच्या रक्तकर्करोगावर संशोधन करत होते, थायमस हा त्यांच्या कामाचा मूळ विषयही नव्हता. प्रयोगाची गरज म्हणून त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचे थायमस काढले. दूध सुटेपर्यंत पिल्लं ठीक होती, मग खंगू लागली आणि साध्यासुध्या संसर्गांनी मरू लागली. त्यांच्या रक्तात लसिका पेशी जेमतेम होत्या. त्यांच्या अंगावर दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडी शिवली तर ती झिडकारली जाण्याऐवजी मजेत रुजली आणि तिच्यावर केसही उगवले. परक्याला परकं म्हणणारं शरीरात कुणी उरलंच नव्हतं. नोबेल मिळवलेल्या पीटर मेडावारना यानंतरही थायमसमधल्या पेशी हा उत्क्रांतीतला किरकोळ अपघात वाटत होता. मोठ्या माणसांचा हट्टही मोठाच असतो.

मग मोठ्या उंदरांना काहीच कसं होत नव्हतं? या प्रश्नाच्या उत्तरात आपला विषय दडलेला आहे. मोठ्या उंदराचा थायमस काढला तोवर त्याने अंगभर टी पेशी पेरून ठेवलेल्या होत्या. पुरवठा बंद झाला तरी साठा होता, आणि प्रयोगाच्या मुदतीत तो संपत नव्हता.

आपल्या प्रत्येकात निसर्ग हाच प्रयोग सावकाश करतो. जन्मतः दहा-पंधरा ग्रॅमचा थायमस पौगंडावस्थेपर्यंत वजनाने वाढतो, पण त्याचा कामाचा भाग बालपणापासूनच कमी होऊ लागतो. मध्यम वयापर्यंत हा भाग वर्षाला सुमारे ३ टक्क्यांनी घटतो, पुढे सुमारे १ टक्क्याने, आणि रिकाम्या जागेत चरबी भरत जाते. सत्तरीतल्या माणसाच्या छातीचा सीटी स्कॅन पाहिला तर थायमसच्या जागी बहुतेक चरबीच दिसते. मराठी विश्वकोशाने त्याला यौवनलोपी ग्रंथी म्हटलं आहे ते त्यामुळेच. गुडघे झिजतात, मोतीबिंदू होतो, ते वापराने आणि वयाने. थायमसचं तसं नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या अंगातही त्याची उतरण सुरू झालेली असते. लैंगिक हार्मोन्स तिला वेग देतात. खच्ची केलेल्या जनावरांत थायमस मोठा राहतो हे १८९८ पासून नोंदलेलं आहे.

निसर्गाने असं का करावं, याचं सर्वांना पटलेलं उत्तर नाही. मला त्यातल्या त्यात पटतं ते खर्चाचं. थायमसमध्ये शिरलेल्या शंभर होतकरू पेशींपैकी बाहेर पडतात दोन-चार. प्रत्येक पेशी आपला ग्राहक, म्हणजे शत्रू ओळखणारा रेणू, जनुकांचे तुकडे हवे तसे जोडून बनवते. त्यातले बरेचसे कुचकामी निघतात, काही स्वतःच्याच शरीरावर उठतील असे निघतात, आणि दोन्ही प्रकारच्या पेशी तिथल्या तिथे मारल्या जातात. इतकी नासाडी जन्मभर परवडण्यासारखी नाही. पूर्वी माणूस चाळीस-पन्नास वर्षं एकाच परिसरात काढायचा आणि तिथले जंतू त्याला विशीपर्यंत भेटून जायचे. आताचं ऐंशी-नव्वदचं आयुष्य आणि विमानाने येणारे नवे विषाणू त्या हिशोबात नव्हते.

थायमस आटल्यावर टी पेशींची संख्या कशी टिकते? १९९८ साली डॅनियल डुएक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजण्याची मोठी सुरेख युक्ती वापरली. ग्राहक बनवताना जनुकाचा कापून टाकलेला तुकडा पेशीत एका छोट्या कड्याच्या रूपात उरतो. पेशी दुभंगताना बाकी सगळ्या डीएनएची नक्कल होते, या कड्याची होत नाही. ते एका लेकीकडे जातं, दुसरी रिकामी राहते. म्हणजे कडं असलेल्या पेशी जास्त असतील तर थायमस चालू आहे, कमी असतील तर आहेत त्याच पेशी दुभंगून वाढताहेत. वयाबरोबर ही कडी झपाट्याने कमी होतात. (नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात हीच कडी मोजून काही देशांत जन्मजात प्रतिकारहीनता पहिल्या आठवड्यातच ओळखतात.) नेदरलंड्समधल्या उत्रेख्तच्या संशोधकांनी स्वयंसेवकांना काही आठवडे थोडं थोडं जड पाणी पाजून नव्या पेशींची गणती केली. उंदरात कोऱ्या, म्हणजे अजून कुठल्याही जंतूशी गाठ न पडलेल्या, टी पेशी जवळपास सगळ्या थायमसमधून येतात. प्रौढ माणसात मात्र बहुतेक जुन्याच पेशींच्या दुभंगण्यातून. उंदरावरून माणसाचं वार्धक्य वाचणाऱ्यांना हा चांगलाच इशारा होता.

जुन्या पेशी दुभंगल्या की संख्या टिकते, वैविध्य टिकत नाही. तरुण शरीरात कोट्यवधी वेगवेगळे ग्राहक फिरत असतात. कुठलाही अनोळखी जंतू आला तरी त्याला ओळखणाऱ्या चार-दोन पेशी निघतातच. म्हातारपणी पेशींची काही घराणी माजतात, काही निर्वंश होतात. प्रयोगशाळेतल्या रक्ततपासणीत याचा पत्ता लागत नाही, तिथे पांढऱ्या पेशींचा आकडा ठाकठीक असतो. २०२० मध्ये कोव्हिड आला तो सर्वांनाच अनोळखी होता, आणि वय हा जिवावर बेतणारा सर्वांत मोठा घटक ठरला. कॅलिफोर्नियातल्या ला होया इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी दाखवलं की ज्यांच्याकडे कोऱ्या टी पेशी कमी, त्यांचा प्रतिसाद विस्कळीत आणि आजार गंभीर.

इतर पेशींची जागा अडवण्यात सायटोमेगॅलोव्हायरसचा हात मोठा आहे. नाव अवघड असलं तरी हा विषाणू भारतातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात बालपणापासून मुक्कामाला असतो आणि त्रास असा काही देत नाही. पण तो अधूनमधून डोकं वर काढतो आणि दर वेळी त्याच्यावर नेमलेल्या पेशी आणखी वाढतात. होता होता स्मृतिपेशींपैकी, म्हणजे जुना शत्रू लक्षात ठेवणाऱ्या टी पेशींपैकी, सरासरी दहावा हिस्सा या एका विषाणूच्या बंदोबस्तात गुंततो, काहींच्यात त्याहून कितीतरी जास्त. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी ही फौज बसलेली असते, उठत नाही. स्वीडनमध्ये योन्शोपिंग गावातल्या ऐंशी-नव्वदीच्या वृद्धांचा वर्षानुवर्षं माग ठेवला गेला. ज्यांच्यात मारक टी पेशींची संख्या मदतनीस टी पेशींच्या वर गेली होती, ती माणसं पुढच्या काही वर्षांत जास्त प्रमाणात दगावली. अर्थात सगळा दोष या विषाणूच्या माथी मारणंही घाईचं होईल. तरुणपणी तो अंगात असलेल्यांना फ्लूची लस उलट चांगली लागू पडते, असंही दिसलं आहे.

या जुन्या मारक पेशी आणखी एका अर्थाने बदललेल्या असतात. तरुण टी पेशीला कामाला लागण्यासाठी दोन इशारे लागतात. दुसरा इशारा घेणारा सीडी२८ हा रेणू वर्षानुवर्षं दुभंगलेल्या पेशी गमावून बसतात. त्या नवी प्रजा फारशी निपजवत नाहीत आणि मरतही नाहीत, दाह वाढवणारी रसायनं मात्र सोडत राहतात. इटलीच्या क्लाउदिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली म्हाताऱ्या शरीरातल्या या मंद, न विझणाऱ्या दाहाकडे लक्ष वेधलं. २०२० मध्ये माद्रिदच्या गटाने त्याच्याही पुढे जाऊन उंदरांच्या फक्त टी पेशींतली ऊर्जाकेंद्रं बिघडवली, तर सगळा उंदीरच अकाली म्हातारा झाला: हृदय, स्नायू, हालचाल, सगळंच. टी पेशी वयाची शिकार होतातच, पण वय वाढवण्यातही त्यांचा हात असावा.

इथवर वाचून म्हातारपणी लस टोचून काय उपयोग असं कुणाला वाटेल. डॉक्टरमंडळींनाही बराच काळ तसंच वाटत होतं, आणि त्याला आधारही होता. कांजिण्यांचाच जिवंत पण दुबळा केलेला विषाणू वापरून नागिणीवर पहिली लस आली. ३८,५४६ माणसांवरची तिची चाचणी २००५ मध्ये जाहीर झाली: एकूण संरक्षण ५१ टक्के, साठ ते एकोणसत्तर वयात ६४, सत्तरीपुढे ३८. गरज वाढते तसा उपयोग कमी, हा जुना रडगाण्याचा सूर पक्का झाला.

दहा-बारा वर्षांनी दुसरी लस आली, शिंग्रिक्स. तिच्यात अख्खा विषाणू नाही, त्याच्या अंगावरचं फक्त एक प्रथिन आहे. सोबत प्रतिकारयंत्रणेला हलवून जागं करणारं मिश्रण. त्यातला एक घटक चिली देशातल्या किल्लाजा झाडाच्या सालीतून काढतात. पन्नाशीवरच्यांना ९७ टक्के संरक्षण, सत्तरीवरच्यांना जवळपास ९०. वयाबरोबरची घसरण जवळजवळ नाहीशी. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस ताप-कणकण येते, पण हे आकडे पाहिल्यावर त्याबद्दल कुणी कुरकुर करू नये.

माझ्या मते गेल्या दशकात वार्धक्याबद्दल आपण जे शिकलो त्यात या दोन आकड्यांइतकं महत्त्वाचं थोडंच आहे. नागिणीच्या विषाणूची ओळख साठीच्या माणसाच्या शरीराला आधीपासून असते. त्यासाठी नव्या, कोऱ्या पेशी लागत नाहीत. जुन्या स्मृतिपेशी असतात, फक्त पेंगुळलेल्या. त्यांना पुरेशा मोठ्याने हाक मारली की त्या उठतात. वृद्धांसाठी फ्लूच्या लसीत चौपट मात्रा घालून पाहिली तेव्हाही नेहमीच्या लसीपेक्षा फ्लू २४ टक्क्यांनी कमी झाला. ‘वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली’ या सरसकट वाक्यात दोन वेगळे दोष कोंबलेले आहेत. जुनी ओळख पुसट होणं हा एक, त्यावर इलाज आहे. नवी ओळख करून घेण्याची कुवत आटणं हा दुसरा, आणि तो अवघड आहे. शिंग्रिक्स २०२३ पासून भारतात मिळते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस घ्यायचे असतात, पण किंमत हजारांत आहे. बाळाच्या लसींचं कार्ड जपून ठेवणाऱ्या घरांत आजीच्या लसींची चौकशीही सहसा होत नाही.

दुसऱ्या दोषावर, म्हणजे थायमसवरच, इलाज करता येईल का? एडिंबराच्या क्लेअर ब्लॅकबर्न यांच्या गटाने २०१४ मध्ये म्हाताऱ्या उंदरांतलं फॉक्सएन१ हे एकच जनुक जोमाने चालू केलं, तर थायमस पुन्हा वाढला आणि नव्या टी पेशी देऊ लागला. माणसात २०१९ साली वाढीचं हार्मोन आणि दोन औषधं देऊन नऊ पुरुषांच्या थायमसमधली चरबी घटल्याचा दावा झाला. नऊ माणसं, तुलनेला दुसरा गट नाही. वर्तमानपत्रांनी त्यावर ‘वय उलटं फिरलं’ असे मथळे दिले. त्यापेक्षा मला ब्रिटनमधल्या सव्वाशे हौशी सायकलस्वारांचा २०१८ चा अभ्यास जास्त विचार करायला लावतो. पंचावन्न ते एकोणऐंशी वयाचे हे लोक वर्षानुवर्षं लांब पल्ल्याची सायकल चालवत आले होते. थायमसमधून नुकत्याच निघालेल्या पेशींचं त्यांच्यातलं प्रमाण तरुणांच्या जवळपास होतं. सायकलीमुळे थायमस टिकला की मुळात धट्टीकट्टी म्हणून ते सायकल चालवत राहिले, हे असल्या अभ्यासातून सांगता येत नाही. तरी स्नायूंमधून निघणारी काही रसायनं थायमसला धरून ठेवत असावीत, हा तर्क ओढूनताणून आणलेला नाही.

दरम्यान शस्त्रक्रियागृहातून अनपेक्षित बातमी आली. हृदयाची शस्त्रक्रिया करताना थायमस वाटेत येतो. लहान मुलांत तर इतका मोठा असतो की तो काढल्याशिवाय हृदय दिसतच नाही. प्रौढांत तो निरुपयोगी धरला जात असल्याने काढताना कुणी फार विचार करत नसे. २०२३ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी थायमस काढलेल्या प्रौढांची तशाच वयाच्या, छातीची दुसरी शस्त्रक्रिया झालेल्या माणसांशी तुलना केली. पाच वर्षांत पहिल्या गटातले ८.१ टक्के दगावले, दुसऱ्यातले २.८. कर्करोगाचं प्रमाणही दुप्पट निघालं. मागे वळून तपासलेल्या नोंदी त्या, त्यात आणखी काही कारणं मिसळलेली असू शकतात. पण पन्नाशीतला तो चरबीत बुडालेला तुकडाही अजून काहीतरी पुरवत असतो, ही शंका आता झटकून टाकता येत नाही. बालपणी हृदयासाठी थायमस गमावलेल्या तरुणांच्या रक्तात विशीतच वृद्धांसारखी टी पेशींची घडण दिसते, हे त्याआधीच कळलं होतं. म्हणून बाळाची छाती उघडल्यावर थायमसचा निदान एखादा कोपरा मागे ठेवता येईल का, हे आता शल्यचिकित्सकांना स्वतःला विचारावं लागतं.